उंबऱ्यावरचा माणूस : आवडत्या विनोदी मालिका आणि आपलं हसू

(अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय, 'तुमच्या यादीत पहिला नंबर कुणाचा?' आत्ता बाहेर चहा घेताना तिघांनी तीन नावं सांगितली. एक काका 'टिपरे' म्हणाले, एक ताई 'साराभाई' म्हणाल्या, आणि एक शाळकरी मुलगा 'तारक मेहता' म्हणाला. वर 'त्याच्यापुढं काही नाहीच' असंही म्हणाला. (हशा) तर यादी देऊ, पण शेवटी देऊ. आधी यादी कुठल्या मापानं करायची ते बघू. कारण 'मला हसू आलं' एवढं माप पुरत नाही. हसू कशालाही येतं. रस्त्यात कुणी घसरून पडलं तरी येतं.

आमचं माप कुठून आलं ते सांगतो. नगरहून पुण्यात शिकायला गेलो तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात आम्ही काहीतरी सांगत होतो, साधीच गोष्ट, आणि बोलण्याच्या ओघात 'लय' आलं, मग 'व्हय' आलं. समोरची पाच-सहा मुलं हसली. आम्हालाही वाटलं, वा, आपण विनोदी आहोत! पुढचा महिनाभर आम्ही मुद्दाम 'लय' म्हणत राहिलो. मग एकदा खोलीत कुणीतरी मालिका लावली होती, त्यात गावाकडून आलेला एक मामा दारात उभा होता, हातात पिशवी, आणि 'लय लांबून आलो बगा' असं काहीतरी म्हणाला. खोली हसली. आणि आमच्याकडे बघून हसली. त्या दिवशी कळलं, आपण विनोद करत नव्हतो, आपण त्या पिशवीवाल्या मामाच्या जागी उभे होतो.

तो मामा कुठं उभा होता? उंबऱ्यावर. आजचं व्याख्यान त्या उंबऱ्याबद्दल आहे.

आता 'सिटकॉम' म्हणजे काय हे दोन मिनिटांत उरकू. आपण त्याला प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका म्हणतो, पण ते नाव थोडं फसवं आहे. प्रसंग दर वेळी बदलतो. न बदलणारी असते ती परिस्थिती. एक घर, एक चाळ, एक कचेरी. तीच चार-सहा माणसं. आठवड्यात काहीही उलथापालथ होऊ दे, पुढच्या भागात सगळे पुन्हा आपापल्या जागी. रोजच्या कौटुंबिक मालिकेत माणूस मरतो, परत येतो, चेहरा बदलून येतो. (हशा) सिटकॉममध्ये माणूस आहे तसाच परत येतो. म्हणून सिटकॉममधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की परत यायचा हक्क कुणाला आहे? घरातल्यांना आहे. उंबऱ्यावरचा माणूस, म्हणजे मोलकरीण, गावाकडचा पाहुणा, दूधवाला, वेगळ्या बोलीचा शेजारी, तो येतो, एक हशा देतो आणि जातो. घरातल्या माणसावरही आपण हसतो, पण त्याचा राग, त्याची फजिती, त्याची माया सगळं आपल्याला माहीत असतं. उंबऱ्यावरच्याचा आपल्याला फक्त उच्चार माहीत असतो.

या मापाचं एक उदाहरण थेट आपल्या नगरचं आहे, आणि ते बऱ्याच नगरकरांना ठाऊक नसतं. १६ एप्रिल १९१८ रोजी या गावात एका आयरिश वंशाच्या लष्करी माणसाच्या घरी मुलगा जन्मला. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन. जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखतं. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं, मग कुटुंब इंग्लंडला गेलं. १९५१ साली बीबीसी रेडिओवर त्यांचा 'गून शो' सुरू झाला आणि १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स त्यातलेच. पुढं 'मॉन्टी पायथन'ची मंडळी आली, त्यांनी मिलिगन यांचं ऋण उघडपणे मान्य केलं. म्हणजे इंग्रजी विनोदाचं एक आख्खं वळण ज्या माणसाच्या डोक्यातून निघालं, तो माणूस आपल्या नगरचा जन्मलेला.

आता पुढची गोष्ट. १९६९ मध्ये मिलिगन एका सिटकॉममध्ये उतरले. नाव 'करी अँड चिप्स'. लेखक जॉनी स्पाइट. मिलिगन यांची भूमिका अर्ध्या पाकिस्तानी, अर्ध्या आयरिश कामगाराची. चेहऱ्याला तपकिरी रंग लावून, उच्चार वाकडे करून. एका कारखान्यात तो कामाला येतो आणि बरेच जण त्याच्यावर शेरे मारतात. सहा भाग झाले, तक्रारींचा पाऊस पडला आणि नियामक मंडळाच्या दबावानं मालिका बंद झाली.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. स्पाइट यांना वंशद्वेष्ट्यांचीच टिंगल करायची होती. पण त्यांच्याच आधीच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेत एक द्वेष्टा म्हातारा होता, आल्फ गार्नेट. त्याची टिंगल करायला त्याला उभा केला, आणि कित्येक प्रेक्षकांनी त्याला आपलाच माणूस मानलं! हसू कुठल्या दिशेला जाईल हे लेखकाच्या हेतूवर ठरत नाही. घर कुणाचं दाखवलंय यावर ठरतं. 'करी अँड चिप्स'मध्ये रंगवलेला माणूस कायम उंबऱ्यावर होता. आणि गंमत बघा, गंमत म्हणायची का ते तुम्ही ठरवा, खुद्द मिलिगन इंग्लंडमध्ये उंबऱ्यावरच होते. हिंदुस्थानात जन्म, बाप आयरिश. साठच्या दशकात त्यांच्या ब्रिटिश पासपोर्टची अडचण झाली आणि त्यांनी आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. ज्याला स्वतःला दारात थांबवलं गेलं, त्यानंच दारातल्या दुसऱ्या माणसाचं सोंग घेऊन हशा मिळवला. आम्हीसुद्धा वसतिगृहात महिनाभर तेच केलं होतं. त्यामुळे मिलिगन यांना बोल लावताना आमची जीभ जरा अडखळते.

आता आपल्या घरात येऊ. मराठी टीव्हीवरच्या विनोदी मालिकेची सुरुवात फार चांगल्या जागी झाली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव गुंड्याभाऊ' आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ लेखन चिं. वि. जोशींचं. त्याआधी १९४० मध्ये मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकरांनी चिमणराव केला होता, पण घराघरांत बसला तो प्रभावळकरांचा.

चिमणराव काय करतो? स्वतःची फजिती स्वतः सांगतो. तो पुण्याचा मध्यमवर्गीय कारकुनी माणूस आहे. लेखकाला सहज जमलं असतं की चिमणरावाला शहाणा ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर हसवायचं. जोशींनी उलट केलं. सगळ्यात येडा माणूस घराच्या मधोमध बसवला आणि गोष्ट त्याच्याच तोंडी दिली. त्यामुळे दारात कोणीही येवो, फजिती घरमालकाचीच होते. मराठी सिटकॉमला ही पहिली शिकवण फुकट मिळाली होती.

तीच पंचवीसएक वर्षांनी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त दिसते. २००१ ते २००५. तेव्हा वाहिनीचं नाव अल्फा मराठी होतं, पुढं झी मराठी झालं. दिग्दर्शक केदार शिंदे, आधार प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'चा. आणि आबा टिपरे तेच. शेखर म्हणजे राजन भिसे, श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, शलाका रेश्मा नाईक आणि आपला शिऱ्या, विकास कदम. तीन पिढ्या, एक घर. अनुदिनी म्हणजे रोजनिशी, म्हणजे पुन्हा स्वतःबद्दल स्वतः सांगणं. चिमणराव आणि आबा एकाच नटानं केले हा योगायोग असेल, पण दोघांची बसायची जागा एकच आहे हा योगायोग नाही.

टिपऱ्यांच्या घरात आबांना नातवाचं कळत नाही, नातवाला आबांचं कळत नाही, आणि शेखर मधल्या मध्ये. प्रत्येकाची आळीपाळीनं फजिती होते आणि कुणाचीच कायमची होत नाही. आठवड्याला एक भाग असायचा, हे फार महत्त्वाचं. लेखकाला विचार करायला आठवडा मिळायचा. आपल्यालाही आठवडाभर त्या भागावर बोलायला मिळायचं. आमच्या घरी तर 'आबा काय म्हणले असते' यावर भांडणं मिटायची.

पण टीका करायला उभे आहोत तर तीही करू. टिपऱ्यांचं घर आतल्या आत फार उबदार आहे, पण ते बरंचसं आतल्या आतच आहे. मुंबईचं सुशिक्षित मध्यमवर्गीय घर. आम्ही नगरमध्ये बसून ते बघत होतो आणि आमची भाषा बाजूला ठेवूनच त्या घरात शिरत होतो. त्यांनी आम्हाला हाकललं नाही. फक्त आमच्यासाठी तिथं खुर्ची नव्हती.

हिंदीत उलटा प्रकार बघायला मिळतो. तिथं मराठी माणूस पुष्कळदा 'बाई' बनून फरशी पुसायला येतो. म्हणूनच १९८८ च्या 'वागले की दुनिया'चं मोल. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला माणूस, कुंदन शाह दिग्दर्शक. आडनाव मराठी, आणि तो घराचा धनी! अंजन श्रीवास्तव मराठी नव्हेत, भारती आचरेकर मराठी. पण वागळ्यांच्या उच्चारावर मालिका चालली नाही. रांग, कचेरी, महिन्याचा हिशोब, साध्या माणसाची भीड, यावर चालली. म्हणून ती नगरलाही आपली वाटली आणि पाटण्यालाही वाटली असेल.

आणि तो मघाचा मुलगा कुठंय? हां, तुझ्या भिडे मास्तरांबद्दल. २००८ पासून 'तारक मेहता' चालू आहे. भिडे कंजूष, भिडे शिस्तीचे, भिडे सारखं जुन्या काळाचं कौतुक सांगणारे. मराठी मास्तराचा ठोकळा, बरोबर. पण ते गोकुलधामचे सेक्रेटरी आहेत. माधवीभाभी लोणची-पापडाचा धंदा करतात. म्हणजे ठोकळा असला तरी त्याला घर आहे, पद आहे, आणि उद्या परत यायचा हक्क आहे. आमच्या मापात भिडे उंबऱ्याच्या आत आहेत. जेमतेम आहेत, पण आहेत. (हशा)

याच्या मध्ये एक अडचणीचं उदाहरण आहे. १९७७ ची इंग्रजी मालिका 'माइंड युअर लँग्वेज', आणि तिच्यावरून १९९३ ची हिंदी 'जबान संभालके', पंकज कपूर यांची. भाषा शिकायला आलेला वर्ग. सगळेच चुकीचं बोलतात. आम्ही पोट धरून हसलोय, खोटं का सांगा? माप लावलं तर निकाल अर्धा-अर्धा येतो. सगळे बाहेरचे आहेत, कुणी एकटा नाही, आणि दर आठवड्याला परत येतात, हे चांगलं. पण प्रत्येकाला एकच खोड दिलेली आहे, आणि शेवटच्या भागापर्यंत ती एकच राहते. त्यांना वर्गात बाक मिळाला, घर नाही मिळालं.

मग मराठीत पुढं काय झालं? रोजची मालिका आली. २०१५-१६ मध्ये 'दिल दोस्ती दुनियादारी' आली, सहा तरुण, एक फ्लॅट, आईबाप नाहीत. लोकांनी तिची तुलना लगेच 'फ्रेंड्स'शी केली. त्यातली रेश्मा म्हणजे सखी गोखले, टिपऱ्यांच्या श्यामलाची खरी मुलगी. आम्हाला ती मालिका आवडली. पण आठवड्यातून एकदा नव्हे, जवळजवळ रोज विनोद करायचा म्हणजे काय होतं ते विचार करा. लेखकाला उद्या सकाळी पानं द्यायची आहेत. माणसाच्या स्वभावातून हसू काढायला वेळ लागतो. बोलीतून, जाडेपणातून, बाईचे कपडे घातलेल्या पुरुषातून ते लगेच निघतं. घाईत असलेला लेखक सगळ्यात आधी उंबऱ्यावरच्या माणसाला हाक मारतो. त्यात लेखकाचा दुष्टपणा नाही, वेळापत्रकाचा आहे.

मग सिटकॉम मागं पडली आणि स्किटचे कार्यक्रम पुढं आले. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. या सिटकॉम नव्हेत, दर वेळी घर मोडून नवं मांडतात. पण एक गोष्ट तिथं घडली. नाना गावांची, नाना बोलींची मुलं नट म्हणून पुढं आली. गौरव मोरे 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून ओरडत येतो तेव्हा फिल्टरपाड्यावर हसायची सोय तो ठेवत नाही. पत्ता त्यानं स्वतः सांगितलाय, छाती काढून. चिमणरावाचीच युक्ती, फक्त वस्ती बदलली. त्याच कार्यक्रमांत दुसऱ्या स्किटला कुणाच्या रंगावर, कुणाच्या पोटावर हशा मागितला जातो हेही खरं. दोन्ही एकाच तासात होतं.

ही युक्ती आपल्या भागाला नवी नाही. तमाशातली बतावणी आठवा. संगमनेर म्हणजे कांताबाई सातारकरांच्या फडाचं गाव. सोंगाड्या कुणावर हसतो? पाटलावर, राजावर, मावशीच्या नादानं स्वतःवर. आणि नगर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मधुकर तोरडमल सरांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' लिहिलं, तेव्हा सगळ्यात मोठी फजिती कुणाची केली? प्राध्यापक बारटक्के यांची, आणि ती भूमिका स्वतः केली. प्राध्यापकानं प्राध्यापकाला हसवलं. नगरच्या मातीत हे आहे.

म्हणून आम्हाला वाटतं, गेल्या काही वर्षांत सिटकॉमची खरी हालचाल टीव्हीवर झालीच नाही, मोबाइलवर झाली. बारामतीजवळच्या कांबळेश्वर गावातल्या मंडळींची 'चांडाळ चौकडीच्या करामती' आपल्या जिल्ह्यात किती बघतात ते वेगळं सांगायला नको. पारावर बसलेले रामभाऊ, बाळासाहेब, सुभाषराव. कधी कॅमेरा हलतो, कधी उपदेश जास्त होतो. पण त्या मालिकेत 'लय' म्हटलं की कुणी हसत नाही! तिथं सगळेच 'लय' म्हणतात. हसू येतं ते बाळासाहेबांच्या बढाईवर. गावाकडचा मामा दारात पिशवी घेऊन उभा नाही, तो त्याच्या स्वतःच्या घरात बसलाय. वसतिगृहातल्या त्या संध्याकाळनंतर आम्ही याचीच वाट बघत होतो, हे आम्हालाही ती बघेपर्यंत कळलं नव्हतं.

इथं थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण माप हातात घेतलं की ते आपल्याही घराला लावावं लागतं. पाराचं घर झालं, ठीक. आता पाराच्या उंबऱ्यावर कोण आहे? पाथर्डी-शेवगावचे आपलेच लोक दिवाळीच्या सुमाराला टोळी करून ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, माणसं मोजायची पद्धतच ती. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो प्रवरानगरचा, आपल्याच जिल्ह्यातला. साखरेवर उभा राहिलेला जिल्हा हा. आणि ऊस तोडणारा माणूस आपल्या विनोदात आला तर कसा येतो? येडा गडी म्हणून, एका हशापुरता.

जरा विचार करा, कोप्यांचा तळ म्हणजे काय आहे? पाच-सहा महिने एकच जागा. तीच कुटुंबं, शेजारी-शेजारी, मध्ये पाचटाची भिंत, म्हणजे गुपित काही राहत नाही. तोच मुकादम दर आठवड्याला येणार, तीच उचल, तोच हिशोब, आणि तो हिशोब कधी जुळणार नाही. परिस्थिती बदलत नाही, माणसं परत येतात. सिटकॉमची व्याख्या मघाशी काय केली आपण? दुःख आहे, अन्याय आहे, नाही कोण म्हणतं? पण त्या तळावर रात्री हसतात लोक. मुकादमाच्या नकला करतात. ते हसू कुणी लिहिलेलं नाही. आणि ते आम्ही लिहावं असंही नाही. त्या तळावर वाढलेली मुलं आज कॉलेजात आहेत, त्यांच्या हातात मोबाइल आहे.

आता यादी, कबूल केल्याप्रमाणे. पहिली 'चिमणराव गुंड्याभाऊ', कारण माप तिथून मिळालं. दुसरी 'श्रीयुत गंगाधर टिपरे', कारण तिच्याइतकं बारीक, मायेचं लेखन पुन्हा झालं नाही, खुर्ची नसली तरी. तिसरी 'वागले की दुनिया'. चौथी 'चांडाळ चौकडी', कच्ची असूनही. पाचवी जागा रिकामी ठेवतोय.

(श्रोत्यांमधून एका विद्यार्थिनीनं विचारलं : सर, मग बोलीवर विनोद करायचाच नाही का? आम्ही तर घरी आजीच्या बोलण्यावर रोज हसतो.)

आजी ऐकते का तुम्ही हसता ते?

(विद्यार्थिनी : ऐकते की. ती पण हसते. मग आम्हाला शिव्या देते. हशा.)

मग काही प्रश्नच नाही. आजीला उलटं बोलायची जागा आहे, आणि घर तिचं आहे. तुमच्या मालिकेत आजीला ती शिवी देऊ द्या म्हणजे झालं. आमच्या त्या पिशवीवाल्या मामाला एक वाक्य जरी जास्त दिलं असतं ना, तर खोलीतली पोरं कुणाकडं बघून हसली असती, कुणास ठाऊक. थांबतो.